भांडवल कोठून आणावे?

अशोकस्तंभापासून निघणारा गंगापूर रोड आनंदवली, सोमेश्वर ओलांडून गंगापूरकडे जातो. एकेकाळी मळे आणि मोजके बंगले असलेल्या या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आज कापडाची दालने, किराणा आणि सुकामेव्याची दुकाने, मिठाईची दुकाने, औषधालये, सराफी पेढ्या आणि शिकवणी वर्ग दाटीने उभे आहेत. मेन रोड, रविवार कारंजा किंवा भद्रकालीत दोन-तीन पिढ्या व्यापार केलेल्या अनेक घरांची तरुण पिढी नवे दुकान थाटण्यासाठी याच रस्त्याकडे पाहते. येथे ग्राहक आहे, खर्च करण्याची ऐपत आहे. पण येथे गाळ्याची अनामत आणि भाडे मोठे, सजावटीचा खर्च मोठा आणि माल भरण्यासाठी लागणारी रक्कमही मोठी. दुकानाच्या पाटीवर दिवे लागण्यापूर्वीच घरात एक प्रश्न उभा राहतो : भांडवल कोठून आणावे?

बहुतेक घरांत या प्रश्नाचे उत्तर ठरल्यासारखे असते. थोडे वडिलांकडून, थोडे मामा किंवा सासरच्या मंडळींकडून हातउसने, एक भिशी उचलायची, घरातले सोने तारण ठेवायचे आणि तरीही कमी पडले, तर ओळखीच्या माणसाकडून 'दोन टक्क्यांनी' रक्कम घ्यायची. यात बँक सर्वांत शेवटी आठवते. तीही अनेकदा तेव्हा, जेव्हा व्याज देऊन देऊन दुकानाची नाडी मंदावलेली असते. आजारी दुकानाला कर्ज देण्यास बँक नाखूष असते, आणि मग 'बँका लहान माणसाला उभे करत नाहीत' हा समज पक्का होतो. वस्तुतः लहान व्यावसायिकासाठी आज उपलब्ध असलेली साधने पूर्वी कधी नव्हती इतकी आहेत. ती कोणती, ती कोणाला लागू पडतात आणि त्यांच्या दारापर्यंत कोणत्या तयारीने जावे, हे समजून घेणे प्रत्येक व्यापारी कुटुंबाच्या हिताचे आहे.

दोन टक्क्यांचा हिशेब

'दोन टक्के' हा शब्द कानाला सौम्य वाटतो. पण ते व्याज महिन्याचे असते. वर्षाचा दर चोवीस टक्के होतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली राज्य शासनाने परवानाधारक सावकारांसाठी बिगरशेती कर्जाचा जो कमाल दर ठरवला, तो तारणी कर्जाला वर्षाला १५ टक्के आणि विनातारण कर्जाला १८ टक्के असा आहे. म्हणजे ओळखीपाळखीत, केवळ शब्दावर घेतलेले पैसे परवाना घेतलेल्या सावकारापेक्षाही महाग पडतात. शिवाय वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम कर्ज म्हणून रोखीने घेण्यास व रोखीने फेडण्यास आयकर कायद्याने मनाई केली आहे. तसे केल्यास त्या रकमेइतका दंड होऊ शकतो. नातलगांकडून घेतलेली रक्कमही बँकेमार्फत घ्यावी आणि तिचा एक साधा कागद करून ठेवावा. त्यात अविश्वास नाही. उलट नाते टिकवण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे. देणारा आणि घेणारा दोघेही हयात असताना ज्या व्यवहाराबद्दल वाद होत नाही, तो पुढच्या पिढीत वादाचे कारण झाल्याची उदाहरणे प्रत्येक समाजात आहेत.

आता एक उदाहरण पाहू. समजा, गंगापूर रोडवर एका गृहस्थाचे स्वतःच्या नावाचे किरकोळ विक्रीचे दुकान आहे. वर्षाची खरी विक्री १ कोटी ४० लाख रुपये आहे, परंतु विवरणपत्रांत ती ६० लाखच दाखवली जाते. खेळत्या भांडवलाची गरज ठरवण्यासाठी बँका लहान उद्योगांच्या बाबतीत नायक समितीने घालून दिलेली पद्धत वापरतात. रिझर्व्ह बँकेने १९९१ साली पी. आर. नायक यांच्या अध्यक्षतेखाली ही समिती नेमली होती. तिचे सूत्र सोपे आहे : अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के हे खेळते भांडवल धरावे. त्यातील २० टक्के बँकेने द्यावे आणि ५ टक्के मालकाने स्वतःचे घालावे.

कागदावर ६० लाखांची विक्री असेल, तर बँक १२ लाख रुपयांपर्यंत कॅश क्रेडिट देऊ शकेल. खऱ्या १ कोटी ४० लाखांवर हाच आकडा २८ लाख होतो. मधली १६ लाखांची दरी त्या गृहस्थाला दोन टक्क्यांच्या पैशाने भरावी लागते. महिन्याचे व्याज ३२ हजार, वर्षाचे ३ लाख ८४ हजार. हीच रक्कम बँकेकडून, समजा ११ टक्के दराने मिळाली असती, तर वर्षाचे व्याज १ लाख ७६ हजार झाले असते. फरक २ लाख ८ हजार रुपयांचा आहे.

विक्री लपवून त्याने वाचवले तरी काय? वस्तू व सेवा करातील कंपोझिशन योजना दीड कोटींपर्यंतच्या उलाढालीच्या व्यापाऱ्याला खुली आहे आणि तिचा दर एक टक्का आहे. लपवलेल्या ८० लाखांवर हा कर ८० हजार रुपये होतो. आयकराच्या अनुमानित आकारणीत २ कोटींपर्यंतच्या उलाढालीवर किमान ८ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर ६ टक्के, नफा धरला जातो. १ कोटी ४० लाखांवर आठ टक्के म्हणजे ११ लाख २० हजार. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत निवासी व्यक्तीच्या १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. प्रत्यक्ष नफा याहून जास्त असेल, तर तो दाखवलाच पाहिजे, हे निराळे सांगायला नको. तात्पर्य, ८० हजार वाचवण्यासाठी या दुकानदाराने २ लाख ८ हजार रुपये जास्तीचे व्याज भरले आणि कायद्याच्या नजरेत दोषीही ठरला. व्याजाची ही रक्कम त्याच्या वहीत कोठेच लिहिलेली नसते, म्हणून ती त्याला दिसतही नाही.

भांडवलाचा शोध येथून सुरू होतो. सर्व योजना, सर्व हमी आणि सर्व सवलती स्वच्छ वहीच्या पलीकडच्या गोष्टी आहेत.

पहिली पायरी : उद्यम नोंदणी

१ जुलै २०२० पासून लहान उद्योगांची नोंदणी 'उद्यम' या नावाने होते. आधार आणि पॅन यांच्या आधारे ती घरबसल्या, पूर्णपणे मोफत करता येते. तिच्यासाठी हजार-दोन हजार रुपये घेणारे मध्यस्थ हे केवळ माहितीच्या अभावावर जगतात. १ एप्रिल २०२५ पासून व्याख्याही विस्तारल्या आहेत. यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असल्यास सूक्ष्म, अनुक्रमे २५ कोटी व १०० कोटींपर्यंत असल्यास लघु आणि १२५ कोटी व ५०० कोटींपर्यंत असल्यास मध्यम उद्योग. गंगापूर रोडवरील बहुसंख्य दुकाने यांतील पहिल्या वर्गातच बसतील.

व्यापाऱ्यांनी येथे एक भेद नीट लक्षात घ्यावा. किरकोळ आणि घाऊक व्यापाराला २ जुलै २०२१ रोजी उद्यम नोंदणीची दारे पुन्हा उघडी झाली, पण ती केवळ अग्रक्रम क्षेत्रातील कर्जाच्या लाभापुरती. विलंबाने मिळणाऱ्या देयकांविरुद्धचे जे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्या लहान उद्योगांना आहे, ते निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही. म्हणून एकाच घरात थोरल्या भावाचे गंगापूर रोडला दुकान आणि धाकट्याचा अंबडला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना असेल, तर दोघांची उद्यम प्रमाणपत्रे दिसायला सारखी, पण त्यांतून मिळणारे हक्क वेगळे असतील.

तारण नसले तरी

'बँक घर गहाण मागते' ही सर्वांत मोठी भीती. ती निराधार नाही. राहत्या घराची कागदपत्रे बँकेत गेल्यावर गृहिणीच्या जिवाला लागणारा घोर कोणत्याही ताळेबंदात येत नाही. पण म्हणूनच नियम माहीत हवेत. रिझर्व्ह बँकेने २०१० साली बँकांना आदेश दिला, की सूक्ष्म व लघु उद्योगांना १० लाख रुपयांपर्यंतचे कर्ज देताना तारण मागू नये.

त्याच्या वरच्या कर्जासाठी पतहमीची सोय आहे. भारत सरकार आणि सिडबी यांनी २००० साली स्थापन केलेला सूक्ष्म व लघु उद्योग पतहमी निधी न्यास, बँकेच्या भाषेत 'सीजीटीएमएसई', अशा कर्जांना हमी देतो. या हमीची मर्यादा १ एप्रिल २०२३ रोजी ५ कोटी आणि १ एप्रिल २०२५ रोजी १० कोटी रुपये झाली. किरकोळ व्यापारही या हमीच्या कक्षेत येतो. जेवढ्या कर्जाला ही हमी घेतली, तेवढ्यासाठी बँकेने तारण किंवा तिऱ्हाईत जामीनदार घ्यायचा नसतो. त्यासाठी दरवर्षी हमी शुल्क भरावे लागते आणि ते सामान्यतः कर्जदाराच्याच माथी येते.

या हमीविषयी एक गैरसमज मात्र मुळातून काढला पाहिजे. हमी बँकेला असते, कर्जदाराला नसते. कर्ज थकले तर न्यास बँकेचे काही नुकसान भरून देतो, पण कर्जदाराचे देणे संपत नाही. वसुली चालूच राहते आणि त्याची पत बिघडते ती बिघडतेच. 'सरकारी हमी आहे, मग काय' अशा सल्ल्याने कोणी कर्ज घेत असेल, तर त्याला वेळीच सावध करणे हे शेजारधर्माचे काम आहे.

लहान रकमेसाठी ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेली मुद्रा योजना आहे. ५० हजारांपर्यंत शिशु, त्यापुढे ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण, आणि तरुण गटातील कर्ज नियमित फेडलेल्यांसाठी २० लाखांपर्यंत 'तरुण प्लस'. हा शेवटचा गट २०२४ साली आला. दुकानदार, फिरते विक्रेते, घरगुती उद्योग करणाऱ्या महिला या सर्वांना तो लागू आहे. मुद्रा ही संस्था स्वतः कोणालाही थेट कर्ज देत नाही. कर्ज बँक किंवा वित्तसंस्था देते. 'मुद्राचे कर्ज मंजूर झाले, आधी फी भरा' असा दूरध्वनी आला, तर तो ठकाचा आहे असे निःशंक समजावे.

अनुदान म्हणजे बक्षीस नव्हे

ज्यांना दुकानाऐवजी उत्पादन किंवा सेवा व्यवसाय सुरू करायचा आहे, त्यांच्यासाठी २००८ पासून चालू असलेला पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम महत्त्वाचा आहे. तो नव्या उद्योगासाठी आहे आणि एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला त्याचा लाभ मिळतो. केवळ खरेदी-विक्रीच्या दुकानासाठी तो मुख्यतः नाही. उत्पादनासाठी ५० लाख आणि सेवेसाठी २० लाख रुपयांपर्यंतचा प्रकल्प यात बसतो. सर्वसाधारण गटाला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान आहे. विशेष गटाला हेच प्रमाण २५ आणि ३५ टक्के आहे, आणि स्वतःचा वाटा १० ऐवजी ५ टक्केच घालावा लागतो.

या विशेष गटात महिला, माजी सैनिक, दिव्यांग आदींबरोबर अल्पसंख्याक समाजही येतात. जैन समाजाला केंद्र सरकारने २७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले आहे. तरीही अनेक अर्जदार सर्वसाधारण गटातच अर्ज भरतात. काहींच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात 'जैन' अशी नोंदच नसते, केवळ पोटजातीचे नाव असते. मुले शाळेत असतानाच ही नोंद तपासून घेणे शहाणपणाचे आहे. अर्जाच्या वेळी धावपळ करून ती दुरुस्त करणे फार कष्टाचे जाते.

उदाहरण घेऊ. चाळीस लाखांचा उत्पादन प्रकल्प नाशिक शहरात उभारला, तर विशेष गटातील अर्जदाराला १० लाख अनुदान मिळेल. तोच दिंडोरी तालुक्यातील ग्रामपंचायत हद्दीत उभारला, तर १४ लाख. स्वतःचे २ लाख घातले की उरलेले ३८ लाख बँक देते. अनुदानाची रक्कम हातात येत नाही. ती तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते आणि उद्योग चालू असल्याची खात्री झाल्यावर कर्जात वळती होते. दरम्यान त्या रकमेइतक्या कर्जावर व्याज लागत नाही. उद्योग बंद पडला, तर अनुदान परत जाते. अनुदानासाठी उद्योग काढणारा माणूस म्हणूनच बहुधा तोट्यात जातो. उद्योगासाठी अनुदान घेणाराच तरतो.

याखेरीज राज्य शासनाचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून जिल्हा उद्योग केंद्रामार्फत राबवला जातो. खाद्यपदार्थांच्या सूक्ष्म उद्योगांसाठी २०२० साली सुरू झालेल्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. पापड, खाकरे, मसाले, लोणची यांत ज्यांचा हात बसलेला आहे, अशा आपल्या घरांतील महिलांनी तिची चौकशी अवश्य करावी. आजवर जे 'घरच्या घरी, ओळखीपुरते' चालले, त्याला अन्नसुरक्षा परवाना, वेष्टन आणि यंत्र यांची जोड मिळाली, तर तो एक खरा उद्योग होऊ शकतो.

उत्पन्न मर्यादित असलेल्या कुटुंबांसाठी १९९४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त निगमाची मुदत कर्जे आहेत. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असणाऱ्यांच्या गटात ३० लाखांपर्यंत कर्ज, पुरुषांना ८ आणि महिलांना ६ टक्के व्याजाने, अशी तरतूद आहे. महाराष्ट्र शासनानेही २०२४ साली जैन समाजासाठी स्वतंत्र आर्थिक विकास महामंडळ स्थापन करण्याचा निर्णय घेतला. समाज संपन्न आहे, हा बाहेरच्यांचा समज आणि कधी कधी आपलाही अभिमान असतो. पण मेन रोडच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत राहून दुसऱ्याच्या पेढीवर मुनीमकी करणारी घरेही समाजातच आहेत. या योजना प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहेत. ज्यांना त्यांची गरज नाही, त्यांनी ही माहिती गरज असलेल्यांपर्यंत पोहोचवली, तर तेही साहाय्यच होय.

सर्व योजनांच्या अटी आणि मुदती वेळोवेळी बदलतात. अर्जापूर्वी ताजे परिपत्रक पाहण्याचा कंटाळा करू नये.

अडकलेला पैसा

अनेक दुकानांना नवे कर्ज लागतच नाही. त्यांचे भांडवल त्यांच्याच जवळ अडकलेले असते. फळीवर दोन हंगाम पडून राहिलेला माल, ओळखीत दिलेली आणि मागण्याचा संकोच वाटणारी उधारी, आणि सर्वांत मोठे म्हणजे दुकानातून काढून जमिनीत घातलेली रक्कम. गंगापूर रोडच्या पुढे प्लॉटचे भाव वाढताना पाहून कॅश क्रेडिटमधून पैसे उचलून प्लॉट घेण्याचा मोह अनेकांना होतो. प्लॉट घरी असतो, पण दिवाळीचा माल भरायला हातात रक्कम नसते. फर्निचर, वातानुकूलन, अनामत यांसाठी मुदत कर्ज, आणि मालासाठी व उधारीसाठी कॅश क्रेडिट, ही विभागणी मोडली की चांगले चालणारे दुकानही गुदमरते.

उत्पादकांचा पैसा मोठ्या ग्राहकांकडे अडकतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे देयक लेखी करार असल्यास ठरलेल्या दिवशी, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत दिले पाहिजे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. तक्रार सुलभीकरण परिषदेकडे करता येते. सातपूर-अंबडच्या लघुउद्योजकाला तक्रारीची भीती वाटते, कारण तोच ग्राहक उद्या पुन्हा हवा असतो. त्याच्यासाठी 'ट्रेड्स' ही सौम्य वाट आहे. मोठ्या कंपनीने मान्य केलेले देयक या व्यासपीठावर बँका लिलावाने विकत घेतात आणि पुरवठादाराला पैसे लवकर मिळतात. पुढे कंपनीने पैसे बुडवले, तरी ती रक्कम पुरवठादाराकडून परत मागितली जात नाही. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना या व्यासपीठावर नोंदणी आता सक्तीची आहे.

या कायद्याची दुसरी बाजू व्यापाऱ्याने विसरू नये. १ एप्रिल २०२४ रोजी लागू झालेल्या आयकर तरतुदीनुसार सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे देणे मुदतीत न दिल्यास तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षी मिळतो. त्या वर्षी अनेक पेढ्यांची मार्चअखेर धावपळ झाली. पण कराचा विचार बाजूला ठेवला, तरी आपल्या गल्ल्यात महिनाभर जास्त राहिलेली रक्कम कोण्या लहान कारखानदाराच्या कामगारांचा पगार असते. स्वतःसाठी बँकेकडून वेळेवर पैसा मिळावा अशी अपेक्षा करणाऱ्याने दुसऱ्याचा पैसा वेळेवर देणे, हीच व्यापारातील खरी पत होय.

कोणाचे दार ठोठवावे

नाशिकमध्ये जिल्हा उद्योग केंद्र सातपूरच्या उद्योग भवनात आहे. शासकीय योजनांची चौकशी तेथून सुरू करावी. महाराष्ट्र बँक ही नाशिक जिल्ह्याची अग्रणी बँक आहे. एखाद्या शाखेत अर्ज विनाकारण अडकला, तर अग्रणी बँकेच्या जिल्हा व्यवस्थापकांकडे दाद मागता येते. १९८८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र प्रशिक्षण देते. उद्योजकांसाठी 'निमा' आणि 'आयमा' या संघटना आहेत. व्यापाऱ्यांनीच उभ्या केलेल्या नाशिक मर्चंट्स सहकारी बँकेसारख्या स्थानिक बँकाही आहेत, ज्यांना येथील बाजाराची चाल ठाऊक असते.

संघटनेचे मोल आपल्या समाजातील एका थोर उद्योगपतीने शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी घरच्या व्यापारातून बाहेर पडून लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर रेल्वेच्या कंत्राटांची भागीदारी केली. फाटक यांच्याकडे कामाची माहिती होती, वालचंदांकडे भांडवल उभे करण्याची क्षमता होती. पुढे १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली, आणि १९३३ मध्ये याच नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात रावळगावचा साखर कारखाना. या दरम्यान १९२७ साली त्यांनी महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना केली. ज्यांना स्वतःच्या बळावर दारे उघडून घेता आली असती, त्यांनाही व्यापाऱ्यांचा एकत्रित आवाज आवश्यक वाटला. आजचा लहान दुकानदार मात्र वर्गणी वाचवण्यासाठी संघटनेपासून दूर राहतो आणि अडचणीत एकटा पडतो.

बँकेत जाताना

बँकेत जाण्यापूर्वी आपला पतअहवाल पाहावा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक संपूर्ण अहवाल मोफत मिळण्याचा हक्क आहे. मित्रासाठी घातलेली जामीनकीची सही, बंद केले असे वाटणारे क्रेडिट कार्ड, हप्त्यावर घेतलेला दूरदर्शन संच, या सर्वांची नोंद तेथे असते. चूक असेल, तर अर्जापूर्वीच दुरुस्त करून घ्यावी.

तीन वर्षांची विवरणपत्रे, वस्तू व सेवा कराची विवरणे, बँकेचा वर्षभराचा उतारा, गाळ्याचा नोंदणीकृत भाडेकरार, दुकानाची नोंदणी, उद्यम प्रमाणपत्र आणि मालाची यादी हे सारे एका फाइलीत लावून न्यावे. आणखी एक पान स्वतःच्या हाताने लिहावे : किती रक्कम हवी, कशासाठी हवी, ती दरमहा कोठून फेडणार आणि विक्री चौथ्या हिश्शाने घटली तर काय करणार. हे पान सनदी लेखापालाने लिहून देण्याचे नाही. शाखाधिकारी ज्या प्रश्नावर अर्जदाराची पारख करतो, तो हाच असतो, आणि बहुतेक अर्जदार येथेच अडखळतात. मंजुरीनंतर दरमहा मालाचे विवरण वेळेवर आणि खरे द्यावे. फुगवलेला साठा दाखवून उचललेली रक्कम तपासणीच्या दिवशी अंगाशी येते.

अर्ज दिल्याची पोच घ्यावी. २५ लाखांपर्यंतच्या सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कर्जाबाबत १४ कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यावा, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. नकार आल्यास कारण लेखी मागावे. लेखी तक्रारीला बँकेने ३० दिवसांत समाधानकारक उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. तसेच १ जानेवारी २०२६ पासून मंजूर वा नूतनीकरण झालेल्या बदलत्या दराच्या कर्जांवर सूक्ष्म व लघु उद्योगांकडून मुदतपूर्व फेडीचे शुल्क घेण्यास बहुतेक वाणिज्य बँकांना मनाई आहे. दुसरी बँक कमी दराने देत असेल, तर आता बदल करणे पूर्वीइतके महाग नाही.

एवढे सांगून एक गोष्ट उरतेच. भांडवल मिळते म्हणून व्यवसाय वाढवू नये. गाळ्याचे भाडे, हप्ता आणि पगार देऊन सहा महिने मंदी सोसता येईल एवढी शिल्लक नसेल, तर आणखी वर्षभर लहान जागेत थांबणे हा कमीपणा नाही. घरातील वडीलधाऱ्यांनी तरुणांना हे सांगावे. तरुणांनीही वहीची पाने वडिलांपुढे उघडी ठेवावीत, आणि ज्या पत्नीची किंवा आईची सही कर्जाच्या कागदावर घेतली जाते, तिला तो कागद सही करण्यापूर्वी वाचून दाखवावा. लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा होते. ती वही वर्षभर खरी लिहिली गेली असेल, तर तिच्या बळावर बँकेचे दार ठोठावताना मान खाली घालण्याचे कारण नाही.